‘चालतंय की’ आणि डावा ब्रेक : ग्रिंडेलवाल्डच्या डोंगरातला एक दिवस

हे प्रकरण आमच्या घरातलंच आहे. नावं गाळली आहेत, नाती मात्र ठेवली आहेत, कारण नात्यांशिवाय यातलं निम्मं कळणार नाही. आम्ही चौघं होतो : ताई, दाजी, त्यांचा १९ वर्षांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, आणि मी. लिहायला दाजींनी परवानगी दिली ती एका अटीवर. चढाला ते सगळ्यांच्या पुढं होते हे लिहायचं. होतेच. आमच्या आधी दहा मिनिटं पोचून खिंडीतल्या बाकावर बसून ते आमची वाट बघत होते.

पार्श्वभूमी

दाजी ५२ वर्षांचे, शिरोलीत फौंड्री. गेली सहा-सात वर्षं दर रविवारी पहाटे सायकल काढतात. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, पन्हाळा. परत येताना गंगावेशीत धारोष्ण दूध. सायकल बारीक टायरची, रस्त्यावरची. पावसाळ्यातसुद्धा खाडा नाही. ताई रोज सकाळी रंकाळ्याभोवती भाच्याची जुनी सायकल फिरवते, पण त्याला ती ‘सायकलिंग’ म्हणत नाही, ‘जरा फिरून येते’ म्हणते. भाचा मसाई पठारावर मित्रांबरोबर जातो, पडतो, धुतो, पुन्हा जातो. मी मधलाच.

जूनच्या अखेरीस आम्ही स्वित्झर्लंडला गेलो. मुक्काम इंटरलाकेनला. समुद्रसपाटीपासून हे गाव साधारण ५७० मीटरवर, आपलं कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे पायथा सारखाच. दाजींनी पहिल्याच दिवशी हे हेरलं आणि ‘म्हणजे घरचंच मैदान’ असं जाहीर केलं. फरक एवढाच की इथं घरच्या मैदानाच्या डोक्यावर ३,९६७ मीटरचा आयगर उभा असतो.

पाच दिवसांतला एक दिवस मोकळा होता. भाच्यानं माउंटन बाइकची एक दिवसाची सहल शोधली : सोबत गाईड, सायकली भाड्यानं, हेल्मेट-हातमोजे त्यांचेच. ग्रिंडेलवाल्ड (१,०३४ मीटर) इथून डांबरी रस्त्यानं ग्रोसे शायडेग ही खिंड (१,९६२ मीटर), तिथून कच्च्या वाटेनं फर्स्ट (साधारण २,१७० मीटर), आणि फर्स्टवरून बोर्टमार्गे खाली. हे ‘फर्स्ट’ इंग्रजीतलं नव्हे. जर्मन आहे, उच्चार ‘फिर्स्ट’च्या जवळ जातो. पण आमच्या घरात तो शेवटपर्यंत ‘पहिला नंबर’ राहिला.

पहिला निर्णय : फॉर्म

बुकिंगच्या फॉर्मवर एक रकाना होता : सायकल चालवण्याची पातळी. नवशिका, मध्यम, अनुभवी. प्रत्येकासाठी वेगळी ओळ. इंटरलाकेनच्या खोलीत रात्री साडेदहाला तो मी भरला. भाचा मध्यम, मी मध्यम, ताई नवशिकी, दाजी अनुभवी.

हे लिहिताना माझ्या मनात काय होतं ते मला नीट आठवतंय. दाजी दर रविवारी पन्हाळा चढतात, हे एक. आणि ज्याला मी ‘मध्यम’ लिहीन त्याच्या शेजारी दाजींना ‘मध्यम’ लिहायचं कसं, हे दुसरं. फॉर्म विचारत होता उतरण्याबद्दल : खडी, मुळं, अरुंद वळणं. मी उत्तर दिलं चढण्याबद्दल. आपल्याकडं सायकलवाल्याची पत घाटावर ठरते. किती वेळात चढला हे विचारतात, कसा उतरला हे कुणी विचारत नाही. पन्हाळ्याचा उतार गुळगुळीत डांबरी आहे. तिथं उतरणं म्हणजे विश्रांती.

दाजींना फॉर्म दाखवला नाही. वाचला असता तर त्यांनी स्वतः काय लिहिलं असतं, ते सांगता येत नाही.

सकाळ : ब्रेक आणि हवा

गाईड त्याच खोऱ्यातली, तिशीतली बाई. शांत, थोडकं बोलणारी. दुकानाच्या मागच्या अंगणात तिनं सायकली लावल्या. ताईनं बॅटरीची घेतली. युरोपात या सायकलींची मोटर ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करते, पुढं आपले पाय. गाईडनं दाजींनाही तीच सुचवली, कारण चढ नऊशे मीटरच्या वर आहे. पन्हाळ्याचा याच्या निम्मासुद्धा नाही. दाजी म्हणाले, “बॅटरीची? मग स्कूटरच द्या की.” मी भाषांतर केलं : ते साधीच पसंत करतात.

मग दाजींनी पुढच्या टायरवर अंगठा दाबला. टायर दबला. “हवा कमी हाय रं.” त्यांच्या सायकलीच्या टायरमध्ये ९० पीएसआयच्या पुढं हवा असते, अंगठ्याला दगड लागतो. डोंगरातल्या जाड टायरला पंचविसाच्या आसपास ठेवतात; खडीवर तो पसरावा आणि धरून राहावा म्हणून. गाईडनं हे समजावलं. दाजींनी मान हलवली, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसत नव्हतं.

आणि त्याच दोन मिनिटांत तिनं सांगितलं : डावा ब्रेक पुढचा, उजवा मागचा.

इथं थांबून हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर आहे. आपल्याकडं सायकलीला उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. मोटारसायकललाही उजव्या हाताला पुढचाच. स्कूटरवर डावा दाबला की मागचं चाक. म्हणजे शाळेपासून आपल्या डाव्या हाताला एकच शिकवण : घसरडं दिसलं की डावा, हलकेच. युरोपच्या मुख्य भूमीवर सायकलींचं बरोबर उलटं. त्यात हे ब्रेक तेलावर चालणारे डिस्क ब्रेक. एका बोटानं चाक जागच्या जागी थांबतं. आपल्या रबरी ब्रेकला चार बोटं घालून आवळायची सवय असलेल्या हातात हे हत्यार जरा जास्तच धारदार आहे.

तिनं सांगितलं तेव्हा भाचा हेल्मेटला कॅमेरा लावत होता, ताई हातमोज्यांचं माप बघत होती, मी दाजींसाठी भाषांतर करत होतो. “डावा पुढचा, उजवा मागचा, दाजी.” “कळलं.” अंगणात एक चक्कर मारली आणि निघालो. उशीर नको म्हणून. खरं तर फोटो काढण्यात त्याआधी २५ मिनिटं गेली होती.

अडचण कशी तयार झाली

चढाला दोन तास पाच मिनिटं लागली. हा आकडा दाजींचा. वरच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे, फक्त बस आणि सायकली. बस वळणावर भोंगा वाजवते, आपण उजवीकडं बाजूला व्हायचं. गाईंच्या गळ्यातल्या घंटा आणि दाजींचा श्वास, एवढेच आवाज. खिंडीत वेटरहॉर्नचा कडा असा अंगावर येतो की ताई दोन मिनिटं सायकल धरून नुसती उभी राहिली.

जेवायला थांबलो. दाजींनी जेवण घेतलं नाही. त्या दिवशी गुरुवार, आणि पदार्थांच्या यादीतलं त्यांना काही ओळखू येईना. कॉफी घेतली आणि कोल्हापुरातून आणलेला भडंगाचा पुडा फोडला. गाईडलाही ओंजळभर दिला. तिला आवडला, मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं तरी आवडला. पण दोन तास चढून आलेल्या ५२ वर्षांच्या माणसाच्या पोटात मूठभर भडंग आणि काळी कॉफी, एवढंच होतं.

एक वाजला होता. पश्चिमेला ढग जमायला लागले होते. आल्प्समध्ये उन्हाळ्यातल्या दुपारी वीज-पाऊस नेहमीचा; डोंगरातली माणसं दुपारची कामं त्या हिशोबानं बेततात.

निर्णयाचं ठिकाण : खिंड

गाईडनं तीन पर्याय समोर ठेवले. आलो त्याच डांबरी रस्त्यानं उतरायचं, तासाभरात खाली. किंवा बसची वाट बघायची. सायकलींना तिच्यात जागा मिळेलच असं नाही. किंवा ठरल्याप्रमाणे फर्स्टकडं जायचं, फक्त मधे रेंगाळायचं नाही, आणि तिथून बोर्टमार्गे कच्च्या उतारानं खाली.

भाचा म्हणाला, डांबरी रस्ता तर घरीपण आहे. मला खरं तर डांबरी रस्ता हवा होता. ताईला काय वाटतं ते तिला कुणी विचारलं नाही; तिनंच सांगितलं, “अवघड असेल तिथं मी चालत येणार, आत्ताच सांगून ठेवते.” गाईड हसली आणि म्हणाली, उत्तम.

मग गाईडनं दाजींकडं बघितलं. तुम्ही कसे आहात? दाजी म्हणाले, “चालतंय की.”

मी भाषांतर केलं : ऑल गुड.

या दोन शब्दांवर मी नंतर पुष्कळ विचार केला. कोल्हापूरच्या माणसाला ‘चालतंय की’ची पट्टी माहीत असते. ‘झकास’पासून ‘आता काय करणार’पर्यंत सगळं त्यात बसतं, ऐकणाऱ्यानं चेहरा बघून अर्थ लावायचा. दाजींचा चेहरा मी बघितला होता. पाय थरथरत होते, बाकावरून उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकवला होता. गाईडला तो अर्थ कळायची शक्यता नव्हती, कारण मधे मी होतो. आणि मी मेव्हणा. मेव्हण्यानं दाजींना, त्यांच्या मुलासमोर, परक्या बाईसमोर, ‘तुम्ही दमलाय, रस्त्यानं जाऊया’ म्हणायचं? लग्नात ज्यांचा कान पिळून मान घेतला त्यांचा असा अपमान करायची आपल्याकडं सोय नाही.

‘मला डांबरी रस्त्यानं जायचंय’ असं स्वतःच्या नावावर मी म्हणू शकलो असतो. ते खरंही होतं. त्या क्षणी सुचलं नाही.

काय घडलं

फर्स्टपर्यंतची वाट निवांत गेली. हलका चढ-उतार, बाजूला कुरणं, समोर बर्फाची रांग. अडीचला फर्स्ट. ढग आता डोक्यावर होते, पण पाऊस नव्हता.

उताराच्या तोंडाशी गाईडनं पुन्हा सांगितलं : सीट खाली करा (हँडलवर कळ असते, दाबली की बैठक खाली जाते), पेडल समपातळीत, वजन मागं, ब्रेकवर एकच बोट. दाजींनी सीट खाली केली नाही. रस्त्याच्या सायकलवाल्याला सीट खाली केली की सायकल लहान मुलाची वाटते. पहिली दोन-तीन वळणं मी त्यांच्या मागं होतो. कोपर ताठ, वजन पुढं, चारही बोटं ब्रेकवर. दिसत होतं. मी ओरडून सांगितलं नाही; माझंही लक्ष स्वतःच्या चाकाकडं होतं, एवढंच कारण सांगू शकतो.

एका तीव्र वळणाजवळ ताई उतरली, सायकल हातात धरून कडेनं चालू लागली. भाचा मजेत पुढं गेला. दाजी वळणात शिरले, खाली बारीक खडी. मागचं चाक जरा सरकलं असावं. डाव्या हातानं तीस-चाळीस वर्षांची शिकवण पाळली.

पुढचं चाक जागीच बसलं. मागचं वर उचललं. दाजी हँडलच्या वरून पुढं, उजव्या खांद्यावर. आवाज मोठा नव्हता. पोतं टाकल्यासारखा. मग सायकलीचं मागचं चाक हवेत बराच वेळ टिकटिक करत फिरत राहिलं.

केलेली कृती

इथं गाईडचं काम बघण्यासारखं होतं. ती धावत आली नाही, चालत आली. भाच्याला वर पाठवलं, येणाऱ्यांना थांबवायला. मला सायकली वाटेतून काढायला लावल्या. म्हणजे घाबरलेल्या दोघांच्या हाताला काम दिलं. मग दाजींना हलू न देता प्रश्न : नाव, वार, कुठं आहोत. मान दुखते का. बोटांना मुंग्या आहेत का, बोटं हलवा. श्वास घेताना दुखतं का. हे भाषांतर मात्र मी शब्दाला शब्द केलं. “बोटं हालत्यात. खांदा गेला रं माझा.” दाजींनी त्या दिवशी दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर.

पर्याय दोन. पहिला, हेलिकॉप्टर. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ पासून काम करणारी रेगा ही हवाई बचाव संस्था १४१४ या क्रमांकावर येते. दुसरा, दहा-पंधरा मिनिटं चालत बोर्टचं गोंडोला स्टेशन, तिथून केबिननं ग्रिंडेलवाल्ड, डॉक्टर. दाजींनी हेलिकॉप्टरला साफ नकार दिला. गाईडनं तो नकार मोजला नाही. डोक्याला मार नाही, मान मोकळी, शुद्ध व्यवस्थित, बोटांत संवेदना, स्वतःच्या पायांनी उभे राहतात, वाट सोपी : या हिशोबावर तिनं दुसरा पर्याय घेतला. तिकोनी पट्टीनं हात छातीशी बांधला आणि त्यांच्या खाली, अर्ध्या पावलावर, चालत राहिली.

या निर्णयावर आमच्यात एकमत नाही. केबिनमध्ये बसल्यावर ताईनं दाजींचं हेल्मेट हातात घेतलं तर मागच्या बाजूला आतून केसाएवढी चीर होती. म्हणजे डोकं आपटलं होतं, त्यांना आठवत नव्हतं. ताईचं म्हणणं, हेल्मेट जागेवरच काढून बघायला हवं होतं आणि चीर दिसली असती तर चालवायला नको होतं. मला ताईचं पटतं. गाईडला चीर दाखवली तेव्हा तिचा चेहरा उतरला आणि तिनं लगेच डॉक्टरांना फोन करून डोक्याच्या माराचं कळवलं. बोर्टहून निघालो तेव्हा काचेवर टपोरे थेंब पडायला लागले होते.

निष्पत्ती

उजव्या कॉलरबोनला मोड, हाड फारसं हललेलं नाही. शस्त्रक्रिया नको, झोळी, साधारण सहा आठवडे. डोक्याचं काही निघालं नाही. तरी रात्रभर दर दोन तासांनी उठवून बोलतं करायला सांगितलं. ताईनं प्रत्येक वेळी फौंड्रीतल्या कामगारांची नावं विचारली.

राहिलेले दोन दिवस दाजी इंटरलाकेनमधल्या होहेमाटे या मोठ्या हिरवळीवर बसून पॅराग्लायडर उतरताना बघत होते. यश चोप्रांच्या पुतळ्याशेजारी झोळीसकट काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त गाजला.

विम्याचं थोडं सविस्तर, कारण इथं बरेच जण अडकतात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे. तेवढा आमच्याकडं होता, ट्रॅव्हल एजंटानं काढून दिलेला, आम्ही न वाचलेला. बारीक अक्षरांत साहसी खेळ वगळलेले होते, आणि त्याला एक अपवाद : प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, सुरक्षा साधनांसह, स्पर्धा नसेल तर. भाच्यानं दवाखान्याच्या बाकावर बसून हे वाचलं आणि उपचारांआधीच विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. गाईडकडून तिच्या सहीचा अपघात अहवाल मागून घेतला : वेळ, ठिकाण, हेल्मेट होतं, गाईड हजर होती. कार्डानं भरलेलं बिल साडेतीन महिन्यांनी, ठरलेली कपात होऊन, परत आलं. तो अहवाल दोनदा मागितला गेला. वाकलेला गिअर आणि तुटलेल्या ब्रेकच्या दांडीचे पैसे मात्र आम्हीच भरले. भाड्याच्या सायकलीचं नुकसान विम्यात नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

ब्रेकचं आधी. सायकल परत देताना दुकानदार म्हणाला, आदल्या दिवशी कळवलं असतं तर अदलाबदल करून ठेवली असती, ब्रिटनहून येणारे मागतातच. तेही आपल्यासारखेच, उजवा पुढचा. एक ओळ लिहायची होती. तेही नाही तर अंगणात पंधरा मिनिटं, हळू वेगात, एकेक ब्रेक वेगळा दाबून. कानानं ऐकलेलं हाताला कळत नाही.

भाच्याच्या मते गोष्ट एवढीच आहे : ब्रेक. ताईच्या मते भूक. उपाशी माणसाचा हात विचार करत नाही, जुनंच करतो. दोघांचंही खरं असेल, पण माझ्या मते दोघंही फार उशिराच्या वेळेबद्दल बोलतात. खिंडीत रस्ता निवडला असता तर चुकीचा ब्रेक डांबरावर, कमी उतारावर दाबला गेला असता.

म्हणून आता आमच्या रविवारच्या मंडळींत दोन गोष्टी बदलल्या आहेत. पातळी ज्याची त्यानं लिहायची, आणि चढ-उतार वेगळे लिहायचे. आणि वाटेत ‘सगळे बरे ना?’ असं घोळक्याला विचारायचं नाही. त्याला घोळक्याचं उत्तर येतं. विचारायचं असं : ‘पुढच्या टप्प्यात चालत कोण येणार?’ म्हणजे चालणं हा धरलेलाच पर्याय होतो आणि हात वर करणाऱ्याला काही कबूल करावं लागत नाही. ही पद्धत मूळची ताईची. त्या दिवशी चौघांत ती एकटी नवशिकी होती, आणि एकदाही घसरली नाही.

बॅटरीच्या सायकलीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. तिच्यावर दाजी ताज्या पायांनी वर पोचले असते हे खरं. पण ती वीस किलोंच्या वर भरते आणि खाली येताना ते वजन आपल्याच ब्रेकवर असतं. ताईला जमलं कारण ती हळू होती.

जानेवारीत दाजी पुन्हा सायकलवर बसले. मसाई पठारावर, भाच्याच्या जाड टायरच्या सायकलीवर, जांभ्याच्या बारीक खडीवर दोघं तासभर नुसता ब्रेक दाबत होते. सीट खाली होती. टायरवर अंगठा दाबून दाजी काही बोलले नाहीत.

हा मसुदा त्यांना वाचायला दिला होता. फॉर्मच्या परिच्छेदापाशी काही खूण नाही. चढाला सव्वादोन तास लागले असं मी लिहिलं होतं, तेवढं निळ्या पेनानं खोडून वर ‘२ तास ५ मि.’ केलंय.